घर तारण ठेवून नॅनोफायबर मास्कचं मशीन घ्यावं का?

प्रश्न विट्याच्या एका ताईंचा आहे. यंत्रमागाशेजारच्या शेडमध्ये धुऊन पुन्हा वापरता येणारे नॅनोफायबर (अतिसूक्ष्म धाग्यांच्या थराचे) मास्क बनवायचे, मशीनसह खर्च २८ लाख. त्यातले १३ लाख मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून, १५ लाख घर तारण ठेवून ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. मास्क १२० रुपयांना, सुटणार २२ रुपये. गिऱ्हाईक मिरजेची हॉस्पिटलं.

ताई, मशीन घेऊ नका. धंदा मात्र छोट्या प्रमाणात करून बघण्यासारखा आहे.

तुमचा हप्ता सुमारे ३२,६०० रुपये येतो. म्हणजे दर महिन्याचे पहिले १,४८२ मास्क नुसते बँकेसाठी.

माल खरा आहे, यात शंका नाही. नेहमीच्या एन-९५ मधला मेल्टब्लोन थर (वितळलेलं प्लॅस्टिक फुंकून केलेलं न विणलेलं कापड) विद्युतभाराच्या जोरावर बारीक कण धरतो आणि साबण लागला की तो भार उतरतो. नॅनोफायबरमध्ये धागेच इतके बारीक की जाळीच कण अडवते. दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेने २०२० मध्ये दाखवलेला मास्क २० हातधुलाईनंतरही टिकला होता. पण हा थर बनवणं, म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग, शेडमधलं काम नाही. हजारो व्होल्टच्या दाबाखाली सुयांतून द्रावण ओढायचं असतं. पावसाळी दमट हवेत धागा बिघडतो, मणी पडतात, सुया चोंदतात, रोल वाया जातो. त्या द्रावणात बऱ्याचदा डीएमएफ हे रासायनिक द्रावक असतं, ते कातडीतूनही अंगात जातं आणि यकृताला बाधतं. घराला लागून ते नकोच.

त्यापेक्षा स्पनबॉन्डच्या (न विणलेल्या आधाराच्या कापडाच्या) दोन थरांत बसवलेला नॅनोफायबर तयार रोलमध्ये विकत घ्या. आराखड्यात तुम्ही शिलाई मशीन धरली आहेत, ती चूक आहे. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गाळणीला पडलेलं भोक. कडा अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने, म्हणजे सुई-दोऱ्याशिवाय ध्वनिकंपनांनी वितळवून, जोडा आणि नाकावर नीट वाकणारी तार घाला. फटीतून हवा शिरली तर आतला महाग थर फुकट.

हॉस्पिटलांचा भरवसा धरू नका. त्यांना वापरून टाकायचा मास्क सोपा पडतो, धुलाईची जबाबदारी नको असते. यंत्रमागावरची तूस आणि सांगलीच्या हळद गिरण्यांतली धूळ ही तुमची बाजारपेठ. रोज एक अशा २० धुलाया धरल्या तर १२० चा मास्क दिवसाला सुमारे सहा रुपयांना पडतो, हे मालकाला पटवता येईल. फक्त हळदीचा डाग जात नाही म्हणून कामगार ब्रशने घासेल आणि थर फाटेल. ‘कोमट पाणी, सौम्य साबण, घासू-पिळू नये, सावलीत वाळवावा, इस्त्री नको’ हे प्रत्येक पाकिटावर मराठीत छापाच.

एकूण चार लाखांवर जाऊ नका. आधी नमुन्यांची आयएस ९४७३ या मास्कच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी करून घ्या, नव्या मास्कची आणि वीसदा धुतलेल्याचीही. गाळणी टिकली पण श्वास जड झाला तरी कामगार तो मास्क गळ्यात लटकवेल, म्हणून अहवालात श्वासरोधाचा, म्हणजे श्वास घेताना होणाऱ्या अडथळ्याचा, आकडाही बघा. धुतलेल्या मास्कचा अहवाल हाती येईपर्यंत रोलची मोठी ऑर्डर देऊ नका.

ठेवीला हात लावू नका. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती कर्ज-अनुदान योजनेत महिलांना शहरी भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा पाच टक्के असतो. योजना चालू आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारा. तिचं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच मिळतं, म्हणून कर्जमंजुरीआधी वेल्डिंग मशीनचा अ‍ॅडव्हान्सही भरू नका.