पहिल्यांदाच लोणी काढताय? मग एवढं सांभाळा

ताई, पहिल्या खेपेला लोणी आलं नाही म्हणून खचू नका. चूक बहुतेक वेळा उन्हाची असते. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 वर जातो. त्या गरमीत लोण्याचा गोळा धरतच नाही, नुसता तेलकट तवंग येतो. म्हणून पहाटेच साय घुसळा आणि गंजात, म्हणजे पातेल्यात, माठातलं गार पाणी ओता. आधी रवीला बारीक कण चिकटतील, मग घुसळण्याचा आवाज जड होईल. तिथेच थांबा.

साय आठ दिवसांच्या वर साठवू नका, कडवट होते आणि तो वास तुपातही उतरतो. लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवा.

लोणी कढवून तूप करताना आच मंदच ठेवा. घाई करून मोठ्या आचेवर ठेवलं की बेरी, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, करपते, ही नवख्यांची ठरलेली चूक. तडतड शांत झाली, बेरी बदामी दिसली की लगेच उतरवा. गरम गंजात ती पुढेही भाजली जाते. विड्याचं एक पान टाका, वास फार छान येतो.

म्हशीचं दूध मिळालं तर त्यानेच सुरुवात करा, साय जाड येते. तूप रवाळ कसं करायचं ते दोन-तीनदा जमल्यावर सांगते.