जंगलातली कामं पुरुषांची आणि बायका फक्त घर बघतात, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की जंगलाकडेच्या गावांत झाडं-लाकडाची कामं पुरुष करतात आणि बायका चूल-मूल बघतात, हे खरं का. मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर वाढले, आता नोकरीमुळे नाशिकच्या पंचवटीत राहते. अहो, ती चूल पेटते तीच जंगलातल्या लाकडावर, आणि ते लाकूड बाईच्याच डोक्यावरनं येतं.

कामाची वाटणी आहे, नाही असं नाही. राबाचंच बघा. भात-नागलीचं बी पेरायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या अंथरून जाळतात, तो राब. झाडावर चढून फांद्या तोडायच्या पुरुषाने, पण पुढे त्या गोळा करा, मोळ्या बांधा, डोंगर उतरून शेतापर्यंत आणा, हे सगळं बायकांकडे. आईची चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याचा गुंडाळा, आणि टाळूवरचे तिचे केस तिथेच विरळ झालेत.

आणि मोहाची फुलं. मार्च-एप्रिलमध्ये आई अंधारातच उठवायची, फुलं पहाटे गळतात आणि उशीर केला की गुरं खाऊन टाकतात. आदल्या दिवशी झाडाखाली झाडून ठेवायचं, मग सकाळी वाकून एकेक फूल टोपलीत, बोटं चिकट व्हायची, दुपारी अंगणात वाळत घालायचं, हे पंधरा-वीस दिवस रोज. व्यापारी आला की काट्यापाशी मात्र बाबा उभे, पैसे पण त्यांच्याच हातात. तेव्हा काही वाटायचं नाही, आता आठवलं की राग येतो.

खरा प्रश्न मला कागदाचा वाटतो. वनहक्क कायदा, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांना ते कसत असलेल्या जमिनीवर हक्क देणारा, 2006 चा, त्याच्या कलम 4(4) मध्ये स्पष्ट आहे की लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर नोंदवायचा. गावात हे दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका पाहिजेत हेही नियमात आहे. पण बैठक ठेवणार अकरा वाजता, तेव्हा बायका एकतर पाण्याला नाहीतर रानात, मग नंतर घरी येऊन अंगठा घेऊन जायचा! हजेरी लागली, पण तिला विचारलं कोणी? 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, जवळपास 180 किलोमीटर, वनजमिनीची मागणी त्यात मुख्य होती, आणि पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या बायका सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्या. चालायला बाई लागते, मग पट्ट्यावर, म्हणजे त्या जमिनीच्या हक्काच्या कागदावर, का नको?

आमच्याच पट्ट्यावर फक्त बाबांचं नाव आलं. आईचं नाव लावायला अर्ज दिलाय, दोनदा परत पाठवला, एकदा म्हणे फोटो नाही, एकदा म्हणे साहेब नाहीत. पहिल्या वेळी मी आणि आई दोघीच गेलो होतो. सोमवारी परत जातोय, यावेळी बाबा पण येतायत, तिचा फोटो त्यांनीच काढून आणलाय.