3000 रुपयांच्या बुटाला 450 ची दुरुस्ती: करून घ्यावी की नवेच घ्यावेत?

तुम्ही विचारलंय: दोन वर्षांपूर्वी 3000 रुपयांना घेतलेले ऑफिसचे काळे चामडी बूट आहेत. पावसात डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला, दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला झिजल्यात. गटईच्या टपरीवर पेस्टिंग, शिलाई आणि टाचा मिळून 450 रुपये सांगितले. द्यावेत का?

वरचं कातडं शाबूत असेल आणि सोल भुसभुशीत झाला नसेल, तर बिनधास्त द्या. यातलं एक जरी बिघडलं असेल तर 50 रुपयेसुद्धा घालू नका.

हिशोब सोपा आहे. 3000 रुपयांचे बूट 24 महिने वापरलेत, म्हणजे महिन्याला 125 रुपये पडले. 450 ची दुरुस्ती चार महिने टिकली की पैसे फिटले. पुढचा प्रत्येक महिना फायद्याचा. पण ती चार महिने टिकेल की चार दिवसांत परत तोंड उघडेल, हे बूट कशाचा आहे आणि काम कसं केलंय यावर ठरतं.

आधी वरचा भाग पाहा. चालताना बोटं वाकतात तिथे बुटाला आडव्या घड्या पडतात, त्या जागी बूट हाताने वाकवा. नुसत्या सुरकुत्या दिसल्या तर कातडं चांगलं आहे. पापुद्रे सुटून खालून कापड डोकावत असेल तर ते रेक्झिन आहे. त्याला उपाय नाही, पॉलिशही बसत नाही. अस्सल कातडं असूनही घडीत आरपार चीर गेली असेल तरी सोडून द्या. तिथे लावलेलं ठिगळ प्रत्येक पावलाला बोटांवर टोचतं.

मग सोल. टाच जिथे झिजलीय तिथला आतला भाग निरखून बघा. पावाच्या कापासारखी बारीक जाळी दिसली तर सोल बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या हलक्या फोमचा आहे. त्यावर अंगठ्याचं नख दाबा. दाबून सोडल्यावर जागा पुन्हा वर आली तर ठीक. भुगा पडला किंवा चिकट लागलं तर त्या सोलचं आयुष्य संपलं. हवेतल्या बाष्पाने पीयूची रासायनिक साखळीच हळूहळू तुटत जाते, आणि ते बूट न वापरताही होतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. कपाटात तीन-चार वर्षं जपून ठेवलेले ट्रेकिंगचे बूट पहिल्या पावसाळी ट्रेकला काढले आणि अर्ध्या गडावर अख्खा सोल सुटला, असं होतं ते याच कारणाने. भुसभुशीत पृष्ठभागावर कितीही भारी सोल्युशन (चिकटवायचा गोंद) लावा, ते भुग्याला चिकटतं, बुटाला नाही.

तुमचा सोल फक्त पुढून सुटलाय, म्हणजे बहुधा कारखान्यातली चिकटवण पाण्याने हरली आहे. हे दुरुस्त होतं. मात्र कामाच्या पायऱ्या चुकल्या की पैसे वाया जातात, म्हणून तिथे उभं राहून चार गोष्टी बघून घ्या.

बूट आतून पूर्ण कोरडा हवा. दुरुस्ती उलटण्याचं एक मोठं कारण ओल असतं. वरून कोरडा दिसला तरी सुकतळ्याखाली (पाऊल टेकतं त्या आतल्या थराखाली) दमटपणा राहतो. सुकतळा काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर काही तासांनी बदला आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, कातडं आखडून कडक होतं.

नंतर जुनं सोल्युशन कानशीने किंवा काचकागदाने दोन्ही बाजूंनी खरवडून काढायला हवं. कातड्याची बाजू मखमलीसारखी खरखरीत दिसेपर्यंत घासायची. जुन्या थरावरच नवा थर चोपडला तर नवा थर जुन्याला घेऊन सुटतो.

सोल्युशन सोलला आणि बुटाला, दोन्हीकडे पातळ लावायचं आणि 10 ते 15 मिनिटं तसंच सोडायचं. बोट लावून बघा: बोटाला लागत नाही पण किंचित ओढल्यासारखं वाटतं, ती वेळ जोडायची. लावल्या लावल्या दाबलं तर आतली वाफ कोंडते आणि मध्ये फुगा राहतो. घाई इथेच होते, कारण गिऱ्हाईक एका पायावर उभं असतं. बूट ठेवून जा आणि दुसऱ्या दिवशी न्या. त्याचे 20 रुपये जास्त मागितले तरी द्या. जोडल्यावर हातोडीने ठोकून घट्ट करायचं आणि निदान 24 तास घालायचं नाही.

सोल पीव्हीसीचा असेल, म्हणजे चकचकीत, जड आणि थंडीत कडक होणारा, तर नेहमीचं पिवळसर सोल्युशन त्यावर टिकत नाही. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि चिकटवण मऊ करून सोडवतं. त्याला पीयूचं सोल्युशन लागतं. कारागिराला सरळ विचारा, माहीतगार माणूस लगेच सांगतो.

आता शिलाई. नुसत्या पेस्टिंगवर भागवू नका, तिच्यावर कडेने शिलाई हवीच. पण क्रम आधी पेस्टिंग, मग शिलाई असाच. आधी शिवलं तर आत घासून सोल्युशन लावायला जागाच उरत नाही. दोरा मेण लावलेला नायलॉनचा असावा आणि टाका साधारण 6 ते 8 मिलिमीटरचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाला रापीने (चामडं कापायच्या सुरीने) बारीक खाच पाडून दोरा त्या खाचेत बसवायला सांगा. दोरा तळावर उघडा राहिला तर रस्त्यावर घासून काही आठवड्यांत तुटतो, आणि एक टाका गेला की शेजारचेही ढिले पडतात. काही सोलना ही खाच आधीच असते. आणि शिलाई दोन्ही बुटांना करून घ्या. उजवा अजून धड आहे, पण त्याची चिकटवण त्याच दिवशीची आहे. त्याचीही पाळी येणारच.

टाचांबद्दल माझा आग्रह आहे की उशीर करू नका. खालचा रबरी थर काही मिलिमीटरचाच असतो. तो संपून वरचा ठोकळा तिरका घासायला लागला की आधी पाचर लावून तो सपाट करावा लागतो, खर्च वाढतो आणि पाऊलही बाहेरच्या बाजूला कलतं. दोन्ही टाचा एकदमच बदला, नाहीतर उंचीत फरक पडतो. टाच बसवताना चुका (बारीक खिळे) ठोकल्या असतील तर बूट घालण्याआधी आत हात घालून टोक वर आलंय का ते चाचपा. घरात कुणाला मधुमेह असून पायाची संवेदना कमी झाली असेल, तर त्यांच्या बुटाला चुका मारूच देऊ नका. खिळा रुतलेला त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

चेन, बक्कल, इलॅस्टिक, वेल्क्रो, लेडीज सँडलच्या हीलची टिप ही कामं नेहमीच परवडतात. टिप मात्र आतली लोखंडी पिन फरशीवर टकटक वाजायच्या आत बदला. कोल्हापुरीचा अंगठा किंवा पट्टा तुटला तर जरूर शिवून घ्या. ती मुळातच कातडी वादीने शिवलेली असते, त्यामुळे उसवून परत शिवता येते. पळायच्या बुटांचं वेगळं आहे. त्यांचा आतला फोम साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर बसतो, आणि बसलेला फोम कुणी परत फुगवून देऊ शकत नाही. खालचं रबर नवं दिसत असलं तरी त्यांवर पैसे घालू नका.

तुम्ही आत्ता करायचं एवढंच की सुटलेल्या जागी घरचा झटपट चिकटणारा गम ओतू नका. तो काचेसारखा कडक होतो, पाऊल वाकलं की तडकतो आणि नंतर कारागिराला तो खरवडताना सोलचाही थर निघतो. आज बोळे भरून बूट वाळत टाका आणि परवा द्या. टाच कोणत्या रबराची लावणार हे दाखवायला सांगा. हातात घेऊन वाकवल्यावर चीर न पडणारं, वजनाला थोडं भरीव असलेलं रबर निवडा.