संमोहनानं पुराची आठवण पुसता येते का?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीचे. २०१९ च्या महापुरात रात्री गोठ्यात पाणी शिरलं, बाबांनी तीन म्हशी सोडल्या पण चौथीचं दावं भिजून आवळलेलं, गाठ सुटलीच नाही. तेव्हापासून जुलै लागला की त्यांची झोप जाते, पत्र्यावर पाऊस वाजला की उठून गोठ्यात जातात, बोटं गाठ सोडल्यागत हलत असतात. एकजण म्हणतोय संमोहनानं तीन सिटिंगमध्ये आठवण पुसतो, पैसे आधी. मामा म्हणतोय करून टाकूया, आईला भीती की परत जागेच नाही झाले तर?

उत्तर : आधी आईंची भीती घालवूया. संमोहनात माणूस झोपत नाही आणि अडकूनही पडत नाही, बोललेलं ऐकू येतं, नको असेल तर डोळे उघडून उठता येतं. स्टेजवर सफरचंद म्हणून कांदा खायला लावतात तो खेळ वेगळा. इथं लक्ष एकाच गोष्टीवर लागतं, कुस्ती बघता बघता हातातला चहा गार होतो ना, तसंच काहीसं.

त्या तीन सिटिंगवाल्याला मात्र लांबूनच नमस्कार. आठवण पुसली जात नाही हो! 'आत दडलेलं खोदून काढतो' म्हणणाराही नको, कारण तशा आठवणीत कल्पना मिसळते आणि माणसाला ती खरीच वाटायला लागते.

मग उपयोग काय? अंग सैल सोडणं, झोप, धडधड कमी करणं यात मदत होते, सगळ्यांना सारखी नाही. आणि एक पद्धत मला बाबांसाठी फार जवळची वाटते : अंग सैल असताना मनातल्या पडद्याचे दोन भाग करायचे, एकीकडं ती रात्र, दुसरीकडं त्याच रात्री आपण काय केलं ते. बाबांना ती आवळलेली गाठ रोज दिसते, सोडलेल्या तीन म्हशी दिसतच नाहीत. पण हे घरी यूट्यूब लावून करू नका, प्रशिक्षित माणूसच हवा.

मुख्य उपचार म्हणजे ट्रॉमासाठीची (मनावरच्या आघातासाठीची) सीबीटी, म्हणजे बोलून विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी, किंवा ईएमडीआर, म्हणजे डोळे इकडून तिकडं हलवत त्या आठवणीवर काम करणं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये त्यांचीच शिफारस केली; संमोहन फक्त जोडीला. सुरुवात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत करा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि ते व्हॉट्सअपवरचे पंचगंगा नदीच्या पाण्याचे फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं पोरांनाही पाठ, पण दर तासाला मेसेज वाजला तर बाबांना डोळा लागणार कसा? घरातल्या एकानंच बघायचं, इशारा पातळीच्या खाली असेल तर दिवसातून एकदा सांगायचं, वर गेलं तर अर्थातच लगेच. रात्री गोठ्यात गेले तर ओरडून मागं बोलावू नका, बॅटरी घेऊन सोबत जा, त्यांच्याशी हळू बोला, आज वार कोणता, तारीख कोणती आणि पंचगंगा किती फुटावर आहे ते सांगा.