घर डॅलसला, ऑफिस न्यूयॉर्कला: स्टेट टॅक्स कोण घेणार?

अनिकेत,

तुझा बेत मला असा कळला: पुण्याची नोकरी सोडून न्यूयॉर्कच्या कंपनीत एच-१बी या कामाच्या व्हिसावर रुजू व्हायचं. पगार १,३०,००० डॉलर. मॅनेजर म्हणतोय, महिन्यातून एक आठवडा मॅनहॅटनच्या ऑफिसात ये, बाकीचे दिवस घरून काम कर. म्हणून आतेभावाच्या शेजारी डॅलसला घर घ्यायचं, कारण टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही. तुझा प्रश्न एवढाच की यात काही गोम आहे का.

आहे, आणि चांगली मोठी आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, एका अकाउंटंटच्या ऑफिसात पेरोल (पगार आणि त्यावरची कपात) बघते. तुझ्यासारखा हिशेब मांडून आलेले लोक दर मार्चमध्ये आमच्याकडे येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

टेक्सासला पगारावर टॅक्स नाही हे खरं. फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन अशी आणखी काही राज्यंही आहेत. पण तुझ्या पगारावर हक्क सांगणारं राज्य फक्त तू राहतोस तेच नसतं. राहतोस ते राज्य तुझ्या सगळ्या उत्पन्नाकडे बघतं, आणि जिथे बसून काम करतोस ते राज्य तिथे कमावलेल्या भागाकडे. बहुतेक राज्यांत गोष्ट इथेच संपते. न्यूयॉर्कमध्ये संपत नाही. तुझी नेमणूक न्यूयॉर्कच्या ऑफिसात असेल आणि तू स्वतःच्या सोयीसाठी राज्याबाहेरच्या घरून काम करत असशील, तर ते घरचे दिवसही न्यूयॉर्क आपलेच धरतं. कंपनीच्या गरजेमुळे तुला तिथे राहावं लागतंय, हे सिद्ध झालं तरच सुटका. डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, नेब्रास्का इथेही याच जातीचे नियम आहेत, पण न्यूयॉर्कइतका हट्टीपणा कुठे बघितला नाही.

तुझ्याशी हुबेहूब जुळणारा खटला झालेला आहे. थॉमस हकाबी नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅमर टेनेसीत राहून न्यूयॉर्कच्या एका संस्थेसाठी काम करायचा. साधारण ७५ टक्के काम घरून, २५ टक्के न्यूयॉर्कला जाऊन. त्याचं म्हणणं, मी वर्षातला पाव वेळच तिथे होतो, तर पाव पगारावर टॅक्स घ्या. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की टॅक्स पूर्ण पगारावर लागेल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्याआधी २००३ मध्ये कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक झेलिन्स्की याच मुद्द्यावर हरले होते. ज्यांचा विषयच टॅक्सचा कायदा, ते हरले, तिथे आपण कुठे! कोरोनात ऑफिसं बंद होती तेव्हाही न्यूयॉर्कने हा नियम सोडला नाही.

आता पैशात बघ. एकट्या माणसाला १,३०,००० वर न्यूयॉर्कचा स्टेट टॅक्स ७,००० डॉलरच्या आसपास जातो. कनेक्टिकट किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्याला न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून वजावट, स्वतःच्या राज्यात मिळतं. टेक्सासला टॅक्सच नाही, तर क्रेडिट कशातून देणार? म्हणजे ते सात हजार सरळ गेले, वर दर महिन्याचं विमान आणि हॉटेल. टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्सही काही कमी नाही; भाड्याने राहिलास तरी घरमालक तो भाड्यातून काढतोच.

यातून सुटायचा सरळ मार्ग एकच: कंपनीचं डॅलसला खरंखुरं ऑफिस असेल, तर नेमणूक तिथली करून घे. मग न्यूयॉर्कला फक्त तू प्रत्यक्ष तिथे काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात टॅक्स, म्हणजे साधारण पाव हिस्सा. घराच्या बेडरूमलाच ‘कंपनीचं ऑफिस’ म्हणवून घेण्याच्या अटी आहेत, पण त्या अशा आहेत की लॅपटॉपवर कोड लिहिणाऱ्याला बसत नाहीत. एखादा सल्लागार ‘करून देतो’ म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

कॅलिफोर्नियाच्या कंपनीत असतास तर चित्र वेगळं असतं. तिथला दर १३.३ टक्क्यांपर्यंत चढतो, पण पगाराचा टॅक्स काम जिथे बसून केलं त्यावर ठरतो. टेक्सासला बसून काम केलेल्या दिवसांवर कॅलिफोर्निया हात टाकत नाही. फक्त तिथे काम करत असताना आरएसयू (कंपनीने देऊ केलेले शेअर) मिळाले आणि ते टेक्सासला गेल्यावर व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष तुझे झाले, तर ग्रँटपासून (देऊ केल्यापासून) व्हेस्टिंगपर्यंतचे जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले तितक्या हिश्शावर ते टॅक्स घेतात. पुढे कधी नोकरी बदललीस तर हे लक्षात ठेव.

टॅक्सपेक्षा मला काळजी तुझ्या व्हिसाची आहे. एच-१बीसाठी कंपनी श्रम खात्याकडे एलसीए नावाचा अर्ज करते, त्यावर कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं, आणि ‘घर’ हेसुद्धा कामाचं ठिकाण धरतात. तुझ्या एलसीएवर मॅनहॅटन असेल आणि तू डॅलसहून काम करत असशील, तर तो वेगळा महानगर विभाग झाला. २०१५ च्या सिमिओ सोल्युशन्स प्रकरणातल्या इमिग्रेशन खात्याच्या निकालानंतर अशा बदलासाठी कंपनीला नवीन एलसीए घेऊन अमेंडेड पिटिशन (व्हिसाचा सुधारित अर्ज) टाकावी लागते, तीही तू तिथे काम सुरू करण्याआधी. ‘मॅनेजर हो म्हणालाय’ याला इमिग्रेशनच्या लेखी काही किंमत नाही. गंमत म्हणजे टॅक्स आणि इमिग्रेशन या दोन खात्यांना तुझ्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगताच येत नाहीत. एलसीए न्यूयॉर्कची आणि टॅक्स रिटर्नमध्ये ‘मी तर डॅलसला काम करतो’, हे कागद उद्या ग्रीन कार्डच्या वेळी शेजारी शेजारी ठेवले गेले तर काय दिसेल?

कंपनीच्या बाजूनेही भानगड असते. नव्या राज्यात एक जरी माणूस बसला तरी तिथे नोंदणी, बेकारी विमा वगैरे आलं. लहान कंपन्या एवढ्यासाठीच नाही म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मला विचारशील तर पहिली दोन वर्षं जर्सी सिटी किंवा एडिसन बघ. पाथ (नदीखालून जाणारी लोकल) नाही तर ट्रेनने मॅनहॅटन गाठता येतं, आणि तोच महानगर विभाग असल्यामुळे एच-१बीचा घोळ बराच कमी होतो (एलसीएची नोटीस घरी लावावी लागते, ती कंपनीच्या वकिलाला विचार). न्यूयॉर्क शहरात राहिलास तर शहराचा स्वतःचा इन्कम टॅक्स आहे, तुझ्या पगारावर साडेचार हजार डॉलरच्या आसपास. तो फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो. नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत, राहून रोज कामाला गेलास तर नाही. मात्र मॅनहॅटनमध्ये वर्षभर एखादी खोली आपल्या नावावर ठेवायचा मोह टाळ. कायमची राहायची जागा आणि वर्षात १८४ दिवस तिथे हजेरी, एवढ्यावर न्यूयॉर्क तुला तिथला रहिवासी ठरवू शकतं, आणि दिवसाचा थोडासा भागही अख्खा दिवस मोजतात.

न्यू जर्सीत राहिलास तर दोन रिटर्न भरायची: न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३, न्यू जर्सीला एनजे-१०४०. न्यूयॉर्कचं आधी पूर्ण कर, कारण तिथला आकडा न्यू जर्सीच्या क्रेडिटमध्ये लागतो. उलट क्रमाने केलं की सॉफ्टवेअर दुप्पट टॅक्स दाखवतं आणि लोक घाबरून फोन करतात. तुझ्या पगाराला न्यूयॉर्कचा टॅक्स न्यू जर्सीपेक्षा जास्त बसतो, त्यामुळे क्रेडिटनंतर न्यू जर्सीला पगारावर फारसं काही उरत नाही. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीमध्ये करार आहे, पगारावर फक्त राहत्या राज्याचा टॅक्स. पण पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा शहराचा टॅक्स) त्या करारात येत नाही.

पुण्यातल्या एफडीचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या कमाईचं खातं) व्याजावर भारतात कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट फेडरलला, म्हणजे केंद्राच्या टॅक्समध्ये, मिळतं, न्यू जर्सीला मिळत नाही. एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांचं खातं) व्याज भारतात करमुक्त, इथे रहिवासी झालास की फेडरल आणि न्यू जर्सी दोघेही घेतात. एवढ्या बाबतीत टेक्सास खरंच स्वस्त.

आणि दिवाळीला पुण्याला जाऊन तिथूनच तीन आठवडे काम करायचा बेत असेल, तर न्यू जर्सीकर म्हणून तो पगार न्यूयॉर्कच्याच खात्यात पडेल, ऑफिस तिथलं म्हणून. भारत-अमेरिका करारामुळे एवढ्या थोड्या मुक्कामावर भारतात सहसा टॅक्स लागत नाही. पण कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर न्यायची परवानगी लेखी घे.

ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एचआरला एकच मेल टाक: माझं नेमणुकीचं ऑफिस कोणतं, एलसीएवर कोणता पत्ता आहे, आणि स्टेट टॅक्स कोणत्या राज्यासाठी कापणार. तिन्ही उत्तरांत एकच राज्य आलं तर घर शोधायला लाग. वेगवेगळी आली तर सही करू नकोस, उत्तर मला पाठव.

– ताई