‘इंटर्नलायझेशन’चा अर्थ बायोलॉजी, बिझनेस आणि इकॉनॉमिक्समध्ये एकच असतो का?

नाही, शब्द एकच, पण आत येणारी गोष्ट तिन्हीकडे वेगळी. मुंबईत एमकॉमला शिकवतो, तिथे हा गोंधळ दर वर्षी होतो. बायोलॉजीत खरोखर वस्तूच आत जाते: रक्तातला एलडीएल कण (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा) पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक कण पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, तिथलं आवरण खळग्यासारखं आत दबतं आणि पुडी बांधल्यासारखा तो कण आत ओढला जातो (ब्राउन आणि गोल्डस्टीन, नोबेल १९८५). बिझनेसमध्ये बाहेरून करून घ्यायचं काम कंपनी घरातच करते; साकीनाक्याच्या कारखान्याने खोकी विकत घेण्याऐवजी स्वतःच बनवली, तसं. मूळ कल्पना अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसची, १९३७. बकली-कॅसन यांनी १९७६मध्ये ती बहुराष्ट्रीय कंपन्यांना लावली. इकॉनॉमिक्समध्ये आत येतो तो खर्च. कुणी रंगाचं पाणी मिठी नदीत सोडलं की भुर्दंड कुर्ल्याच्या वस्तीला. अर्थशास्त्रज्ञ पिगूने म्हटल्याप्रमाणे कर लावला की तो भुर्दंड पाणी सोडणाऱ्याच्याच हिशेबात चढतो. मात्र शेवटच्या दोन अर्थांची सरमिसळ होते, कारण कोस दोन्हीकडे भेटतो; दुसऱ्यावर पडणाऱ्या अशा खर्चावरही त्याने लिहिलंय. त्यामुळे पेपर शोधताना नुसता हा शब्द टाकू नका. जोडीला ‘रिसेप्टर’, ‘फर्म’ किंवा ‘एक्स्टर्नॅलिटी’ (एकाच्या कामाचा दुसऱ्यावर पडणारा भुर्दंड किंवा फायदा) द्या.