गाडी ‘डिझेलमध्ये’ नव्हे, ‘डिझेलवर’

‘१९६० च्या दशकात स्पेनमध्ये काही अमेरिकी डॉज डार्ट मोटारींचे डिझेलमध्ये रूपांतर करण्यात आले’ या वाक्यात ‘रूपांतर’ शब्द योग्य की ‘परिवर्तन’, असे एका वाचकाने विचारले आहे. येथे दोन्ही चुकीचे आहेत, आणि त्यांच्याहून वाईट आहे तो ‘मध्ये’. दुधाचे दह्यात रूपांतर होते. मोटारीचे डिझेलमध्ये झाले, तर ती पिंपात भरून ठेवावी लागेल. वाहनविषयक मजकुरात ही वाक्यरचना इतकी बोकाळली आहे की आता ती कोणाच्या कानाला खटकतही नाही. आपले रिक्षावाले मात्र ‘गाडी गॅसवर केली’ असे निर्दोष मराठी बोलतात. जे इंधन, त्यावर गाडी चालते. म्हणून गाडी ‘डिझेलवर’ करावी.

‘रूपांतर’ हा शब्द कोठे शोभतो, हे पाहायचे असेल तर एदुआर्दो बारेइरोस या स्पेनच्या गालिसिया प्रांतातील उद्योजकाकडे पाहावे. स्पेनच्या यादवी युद्धानंतर त्या देशात सोव्हिएत बनावटीचे बरेच ट्रक उरले होते. त्यांच्यावरील रशियन आद्याक्षरे स्पॅनिश माणसाला ‘३एचसी’ अशी दिसत, आणि त्यांचा विस्तार लोकांनी ‘त्रेस एर्मानोस कोमुनिस्तास’, म्हणजे ‘तीन साम्यवादी भाऊ’, असा करून टाकला होता (स्पॅनिशमध्ये ‘एर्मानोस’ शब्द एच अक्षराने सुरू होतो). बारेइरोस यांनी ओरेन्से येथे या ट्रकांची पेट्रोल इंजिने डिझेलवर चालतील अशी घडवली. इंजिन तेच, रूप दुसरे: याला खुशाल रूपांतर म्हणावे. डॉज डार्टची गोष्ट निराळी आहे. १९६५ पासून माद्रिदमधल्या व्हियावेर्दे येथे बारेइरोस यांच्या कारखान्यात ही अमेरिकी गाडी तयार होऊ लागली. मूळ गाडीला सहा सिलिंडरचे, ३.७ लिटरचे, तिरके बसवलेले पेट्रोल इंजिन असे. टॅक्सीवाल्यांना परवडावी म्हणून काढलेल्या आवृत्तीत त्याऐवजी बारेइरोसचेच चार सिलिंडरचे, २ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले गेले. एवढ्या थोरल्या गाडीला ते तोकडेच होते, पण टॅक्सीच्या धंद्यात वेगापेक्षा इंधनाचा खर्च मोठा. येथे रूप कशाचेच पालटले नाही; एकाच्या जागी दुसरे इंजिन आले. आपल्याकडे जीपला मॅटाडोरचे इंजिन बसवणारा मिस्त्री जे म्हणतो, तेच येथेही म्हणावे: इंजिन बदलले.

आता ‘इंजिन’ या शब्दाविषयी, कारण प्रश्नात नसले तरी खरे मर्म तेथे आहे. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘इंगेनियुम’, म्हणजे उपजत बुद्धी, आणि पुढे त्या बुद्धीने योजलेली युक्ती. त्यातला ‘गेन्’ हा धातू म्हणजे आपला ‘जन्’. लॅटिन ‘गेनुस’, ग्रीक ‘गेनोस’ आणि संस्कृत ‘जनस्’ ही सख्खी भावंडे आहेत. म्हणजे इंजिन हे जनक, जननी आणि जन्म यांच्या गोत्रातले. काही हौशी मंडळी त्याचा संबंध ‘इंधन’ शब्दाशी जोडतात, तो केवळ ध्वनिसाम्याला भुलून. इंधन हे ‘इन्ध्’ म्हणजे पेटणे या धातूपासून आले आहे. त्याचा ‘जन्’शी काडीचाही संबंध नाही.

आणि अशा शब्दाला परकीय ठरवून आपले परिभाषाकार त्याच्या जागी ‘यंत्र’ बसवू पाहतात! ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ धातूचा. त्याचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे. गाडी पुढे नेणाऱ्या वस्तूला आवरणाऱ्याचे नाव देणे, आणि ते घडवणाऱ्याला त्याच धातूवरून ‘अभियंता’ म्हणणे, यात कोणती भाषाशुद्धी साधली, हे त्यांनीच सांगावे. धातूची कुळी पाहिली तर ‘इंजिन’ आपल्या घरचेच आहे. परदेशात वाढले, इतकाच त्याचा दोष. विद्वानांना हे मत अतिरेकी वाटते, याची मला कल्पना आहे. तरीही मी ते सोडणार नाही.

याच ‘इंगेनियुम’पासून स्पॅनिशमध्ये ‘इंखेनियो’ झाला, आणि क्यूबामध्ये त्याचा अर्थ चक्क साखर कारखाना! तेथील त्रिनिदाद शहराजवळचे जुन्या साखर कारखान्यांचे खोरे आजही त्याच नावाने ओळखले जाते. बारेइरोस यांनी उतारवयात याच क्यूबाच्या सरकारसाठी डिझेल इंजिने घडवली, आणि १९९२ मध्ये हवाना येथेच त्यांचे निधन झाले. तेथील रस्त्यांवर १९५० च्या दशकातल्या अमेरिकी गाड्या डिझेल इंजिने बसवून अजून भाडी मारतात. लोक त्यांना ‘आल्मेंद्रोन’, म्हणजे भला मोठा बदाम, म्हणतात.

प्रश्नकर्त्यांनी आपले वाक्य असे लिहावे: ‘स्पेनमध्ये डॉज डार्टला बारेइरोसचे डिझेल इंजिन बसवून ती टॅक्सीसाठी विकली जाई.’ ‘परिवर्तन’ समाजसुधारकांसाठी राखून ठेवावे.